तीस शेरांचं चिलखत

१५ नोव्हेंबर १९६२, कळंब
चिलखत तयार. गुळाच्या फुटक्या काहिलीचा पत्रा, एक छातीला, एक पाठीला. खांद्यावरून जुन्या खोगिराचे दोन अरुंद चामडी पट्टे. वजन तीस शेर. धुळाप्पा लोहार म्हणाला, पंत, चीन लई लांब हाय की. लोहाराला भूगोल कशाला लागतो.
सव्वीस जानेवारीला उस्मानाबादचे इन्स्पेक्टर येऊन, परेड बघून होमगार्डचा प्लाटून लीडर निवडणार. दुसरा उमेदवार आडत्याचा शांतलिंग. हुतूतू खेळतो, म्हणून स्वतःला शिपाई समजतो. अर्ज लिहून घ्यायला मात्र माझ्याकडंच आला. दिला लिहून, मुद्दाम दोन चुका ठेवून. तहसील कचेरीपुढं बावीस वर्षं अर्जनवीस आहे, असं अक्षर तालुक्यात दुसरं नाही.
ठराव : झोपेपर्यंत चिलखत उतरवायचं नाही.

२२ नोव्हेंबर
चीननं आपणहून युद्धबंदी केली. मी चिलखत चढवून बरोबर आठवडा झाला. याचा अर्थ गावात एकालाही कळत नाही.
उजव्या हाताला मुंग्या येतात. ताकद भरते आहे. सौ. म्हणाली, पट्ट्याखाली गोधडीची घडी ठेवा. युद्धात गोधडी.

६ डिसेंबर
दंडाला चिमटा काढून पाहिला. कळलाच नाही. म्हणजे दुखणं जिंकलं.
टाक दोनदा हातातून पडला. शाई पातळ. समोर बब्रुवान शेतकरी अर्जासाठी बसला होता. पट्ट्याचा वळ बघून म्हणाला, बैलाचा खांदा असाच येतो, पंत. जू उतरवा, पोळ्याला करतो तसं हळद-लोणी चोळून देतो. हे चार लोकांत. त्याचा अर्ज उद्यावर टाकला.

७ डिसेंबर
बब्रुवानाचा अर्ज परवावर टाकला. शाईचं कारण.

२० डिसेंबर
भाकरी मोडेना. सौ.नं कडक केली असणार. डावा हात ताटात घालणं आपल्यात होत नाही. उपास आहे म्हणालो. कसला, असं तिनं विचारलं. देशाचा म्हणालो. तिनं भाकरी कुस्करून दूध घातलं आणि चमचा पुढं ठेवला. चमचा डाव्या हातानं चालतो, असं तीच म्हणाली. खाल्लं. तिचं मन मोडायचं नव्हतं.

३० डिसेंबर
सौ.च्या हट्टापायी दवाखाना. डॉक्टर म्हणजे कालचा पोरगा. म्हणतो, खांद्यातली नस पट्ट्याखाली चेंगरते आहे. आज उतरवलंत तर हात वाचेल, नाहीतर लिहिणं विसरा. मिशी धड फुटली नाही आणि आम्हाला नस सांगतो. त्याच्यासमोरच पट्टा एक भोक घट्ट केला. डाव्या हातानं, म्हणून वेळ लागला. तोवर बघत बसला. शिष्टाचार शून्य.

११ जानेवारी १९६३
मनगट खाली लोंबतं. परेडला अजून पंधरा दिवस आहेत, भरपूर झाले. सौ. रडली. बायकांना लष्करातलं काही कळत नाही.

२६ जानेवारी
डाव्या हातानं लिहितो, म्हणून थोडक्यात.
शाळेचं मैदान. इन्स्पेक्टरसाहेब समोर. सलाम द्यायचा. उजवा हात उठेना. डाव्यानं उचलून कपाळाला लावला. सोडला तर पडला. पुन्हा लावला. सगळं मैदान हसलं. हे यांचं प्रजासत्ताक. साहेबांनी विचारलं, हे लोखंड घालायला कुणी सांगितलं? नियमात टोपी आणि काठी आहे.
शांतलिंग लीडर. निवड होताच त्यानं येऊन माझे पट्टे सोडले. विचारलंसुद्धा नाही. आगाऊ.

१७ फेब्रुवारी
हे अक्षर सौ.चं. डाव्या हातानं लिहिलेलं माझं मलाच लागत नाही, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. सुरू करण्याआधी तिनं मागची सगळी पानं वाचली.
चिलखत उतरवून तीन आठवडे झाले. कचेरीपुढचे लोक आता दुसऱ्याकडं जातात. जाऊ देत, त्यांना चांगल्या अक्षराची पारख कधी नव्हतीच. सौ.ला म्हणालो, लिही, हात रोज सुधारतो आहे. तिनं टाक आणि दौत माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, एवढं तुम्हीच लिहा.
डाव्यानं टाक उजव्या हातात ठेवला, गळून पडला. मग तिला म्हणालो, घे, लिही. हात गेला. मला भीती वाटते.