हद्दपार अठ्ठावीस

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं ताईकडून कळलं. डोळ्यांना ताण नको म्हणून थोडक्यात लिहिणार होतो. पण संताप थोडक्यात मावत नाही.

आमच्या शाळेनं प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायला काढली. पेंटर कसबी. सोन्याचा चौकोन सोनेरी, तांब्याचा तांबूस, बाकीची मधली संक्रामक मूलद्रव्यं निळी. ('संक्रामक' ऐकून त्यानं आधी हात धुतले, मग लागण कशानं होते ते विचारलं. तेही सोसलं.) सात ओळी झाल्या आणि भिंत संपली! तळाच्या दोन ओळी, म्हणजे आंतरसंक्रामक अठ्ठावीस मंडळी, अधांतरी. मुख्याध्यापिकाबाईंनी वर मानही न करता निकाल दिला, "तळाचीच आहेत ना? गाळा."

आत्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू मला शिकवलंस तसंच मी त्यांना समजावलं. गटात खाली उतरावं तसा अणू मोठा होतो, हा साधा नियम. पण झिर्कोनियमखालचा हाफ्नियम जवळजवळ तेवढाच राहतो. का? तर मध्ये तळाच्या पहिल्या ओळीतले हे चौदा जण येऊन गेलेले असतात म्हणून! त्यांचे इलेक्ट्रॉन आतल्या खोलीत जाऊन बसतात, केंद्रकाची ओढ धड अडवत नाहीत, आणि एकेका मूलद्रव्यागणिक अणू आक्रसत जातो. ते चौदा गाळले, तर हाफ्नियमनं अंग चोरलं कुणापायी, हे पोरांना काय सांगू? बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, इतके आक्रसतात, तर मग मावत का नाहीत?" पेंटर हसला. (माझ्या बाजूचा तेवढा एकच माणूस होता!)

मग मीच ब्रश उचलला. भिंतीशेजारच्या जिन्याला नेमक्या चौदा पायऱ्या आहेत. एकेका पायरीच्या उभ्या बाजूवर दोन-दोन मूलद्रव्यं रंगवत, वाकून वाकून वरपर्यंत पोचलो, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. तीनशे पोरं ओल्या रंगावरून खाली उतरली. निम्मी मालिका टाचांना लागून मैदानभर पसरली. बाई म्हणाल्या, "आता झाली खरी संक्रामक."

सगळी शिक्षकखोली हसली. मी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला, पाकीट बाईंच्या टेबलावर आपटलं आणि ताठ मानेनं (कंबर वाकलेलीच) बाहेर पडलो. विज्ञानाचा अपमान मी सहन करणार नाही.

तुझा,
भाचा

ता. क. भिंतीचं माप कुणी घेतलं, असं तू विचारशीलच. मीच. ओळी सात धरल्या. तळाच्या दोन माझ्याही ध्यानात राहिल्या नाहीत. हे ताईला सांगू नकोस.

आणखी ता. क. बाई तुझ्याच विद्यार्थिनी, तुझा शब्द मोडत नाहीत. पाकीट त्यांनी अजून फोडलेलं नाही, असं शिपाई सांगतो. सोमवारच्या आत तेवढा एक फोन कर. राजीनामा परत मिळाला की स्वाभिमानाचं मी बघून घेईन.