कुकरची शिट्टी शोधू नका

अहो,

कुकरची शिट्टी शोधू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. मी समुद्रावर चालले आहे, एकटी.

सुट्टीला या बेटावर आणलंत आणि स्वस्तात मिळाली म्हणून मासळी सुकवतात तिथली खोली घेतलीत, मी नाकाला रुमाल लावून राहिले. बाहेरचं जेवण परवडत नाही म्हणून घरून कुकर उचलून आणलात, तेही चालवून घेतलं. पण काल एकदाची समुद्रावर निघाले, तर आधीच्या पाहुण्यांनी कचऱ्यात टाकलेली उन्हात लावायच्या क्रीमची ट्यूब तुम्ही कापलीत, आतलं बोटानं खरवडलंत आणि माझ्या गालाला फासलंत. त्यात कुणाचा तरी केस होता. शी! तोंड धुता धुता ऊन उतरलं आणि निघणं राहिलंच. वर तुम्ही म्हणता, "अगं, चांगली क्रीम वाया कशाला घालवायची?"

इथे ऊन आणि समुद्र तेवढे फुकट आहेत, आणि नेमके तेच माझ्या वाट्याला आले नाहीत. काल मुलीला फोनवर सांगत होतात, "तुझी आई मजेत आहे." तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते.

तांदूळ धुऊन ठेवलेत, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मुलीचा फोन आला तर आजही तेच सांगा. आज ते खरं असेल.