खालच्या शेतातली जाळी

प्रिय तेत्सुदादा,

ओसाकात थंडी कशी आहे? इथे यात्सुशिरोत सकाळी शेतातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. चटईच्या लव्हाळ्याला त्याचं काही नाही, बोटंच बधिर होतात. बाबा आणि मी लावणीसाठी रोपं फोडतोय, एका चुडात आठ काड्या. मी अजून प्रत्येक चूड दोनदा मोजते. काल शेजारच्या हामासाकी काकू म्हणाल्या, "किनुए, तुझी मोजणी संपेपर्यंत याची चटई विणून तिच्यावर कुणी झोपूनही उठेल!" मला हसू आलं नाही. याच मोजण्यापायी तुला घर सोडावं लागलं.

खालचं शेत तुझं होतं. मेमध्ये शेंडे छाटले की काड्या आडव्या पडू नयेत म्हणून वर जाळी ताणायची, आणि काड्या वाढतील तशी ती उचलत जायची, हे बाबांनी आपल्याला अक्षरांच्याही आधी शिकवलं. त्या जूनमध्ये तू मॅच बघायला जाताना म्हणालास, "आज माझी जाळी तेवढी वर घे गं, मास्तरीणबाई." मी पट्टी घेऊन गेले. बाबांनी सांगितलेल्या उंचीला काड्या दोन बोटं कमी भरल्या. आत्ताच उचलली तर कोवळे शेंडे घासतील, असं वाटलं. तशीच ठेवली, आणि तुला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वादळ आलं. सगळे लव्हाळे त्या खालीच राहिलेल्या जाळीवरून वाकून मोडले. बाबा तुझ्यावर ओरडले, "जाळी उचलायला होत नाही, तर शेतात पाय कशाला ठेवतोस?" तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "चुकलं माझं." मी शेजारी उभी होते. गप्प राहिले. तू ओसाकाला निघून गेलास तेव्हाही, नंतरची तीन वर्षंही.

आज सकाळी रोपं फोडताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "म्हणजे मी त्या पोराला उगाच..." एवढंच बोलले आणि हातातल्या चुडातल्या काड्या पुन्हा मोजू लागले. मग म्हणाले, "लावणी वीस तारखेला आहे, असं कळव त्याला." दादा, माफी मागणं त्यांना याहून जास्त जमणार नाही. म्हणून हे पत्र. ये म्हणण्याचा हक्क मी घालवलाय, तेव्हा ते मी म्हणत नाही. बाबांचा निरोप मात्र पोचवते: लावणी वीस तारखेला आहे.

तुझीच, फार उशिरा बोललेली,
किनुए