दोन नंबरचा मेंढा

मी, व्यंकटराव दिगंबरराव गुरव, वय ७२, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. लाज आहे, तिला कायद्यात दाब म्हणत नाहीत, असे वकिलांनी सांगितले.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी अनुसूया हिला, तिच्या पश्चात मुलगा पिंटू याला. पिंटूने आईला तिच्या खोलीतून हलवू नये. हलवील अशी शंका आहे, म्हणून लिहिले.

२. महादेवाच्या देवळातील आमच्या घराण्याची पूजेची पाळी. अभिषेकाची भांडी चुलतभावाने १९८४ साली नेली. ती मागू नयेत, पण त्याने दान दिली असेही म्हणू नये. पाळी पिंटूने मनापासून करायची असेल तरच करावी. मी एकोणतीस वर्षे मनाशिवाय केली. सकाळी सात वाजता जग देवाने केले, अकरा वाजता दहावीच्या वर्गात ते आपोआप झाले. देवळात मला कोणी उत्क्रांती विचारली नाही, शाळेत कोणी नैवेद्य विचारला नाही. मी दोन्हीकडचे खात होतो.

३. सूक्ष्मदर्शक शाळेला. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये.

४. ओढ्याकाठची दीड एकर गवताची पड सुकन्या हिला. सुकन्या ही मेंढपाळ पुंजाजी यांची मुलगी, लग्नानंतर राहणार पुसेगाव. ती माझी नातेवाईक नाही. एके काळी विद्यार्थिनी होती. तिची उत्तरपत्रिका माझ्या ट्रंकेत आहे, तीही तिला द्यावी.

५. जानेवारी १९९८, दहावीची सराव परीक्षा. प्रश्न: नैसर्गिक निवड उदाहरणासह स्पष्ट करा. गुण पाच. सुकन्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवतो:

"माझे वडील दरवर्षी कळपात एकच मेंढा ठेवतात. ज्याची पिल्ले उन्हाळ्यात जगली तो ठेवतात. दोन नंबरचा देवाला देतात. बाकीचे विकतात. म्हणून आमची मेंढरे लांब चालतात व कमी पाण्यावर राहतात. रानात निवडायला माणूस नसतो. तिथे दुष्काळ निवडतो. दुष्काळ देव पाठवतो. म्हणजे देवच निवडतो, पण सावकाश."

हे उत्तर बरोबर होते. शेवटचे वाक्य पुस्तकात नव्हते, पण ते चूक आहे असे मला सिद्ध करता आले नसते. देव आणि ते पुस्तक एका मनात कसे ठेवायचे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी जमत नव्हते. तिने एका परिच्छेदात ठेवले होते. मी शून्य दिले.

मग ते वर्गात मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "देवाला दोन नंबरचा माल! बाप तुझा देवालाच टोपी घालतो की गं." आधी मी हसलो, मग वर्ग हसला. तिच्या वस्तीवरची चार पोरे वर्गात होती.

संध्याकाळपर्यंत ते वस्तीवर पोचले. नवसाचा मेंढा कळपातला पहिलाच असावा, असा तिथला रिवाज. पंच बसले. काळतोंड्या नावाचा मेंढा, बारा वर्षांच्या निवडीतून आलेला, पुंजाजींना बिरोबाच्या ओट्यासमोर द्यावा लागला. दुसऱ्या दिवसापासून सुकन्या शाळेत आली नाही. मी हजेरीत फुली मारत राहिलो. पुढच्या दुष्काळात त्यांचा कळप निम्मा मेला. त्या आठवड्यात माझी पूजेची पाळी होती. मी घंटा वाजवली.

पुंजाजींनी देवाला फसवले नव्हते. मी मुलीला फसवले.

६. गेल्या महिन्यात इथवर लिहिलेला हा कागद घेऊन वस्तीवर गेलो. पुंजाजी मेंढी कातरत बसले होते. पूर्वी मी त्यांना अरे म्हणत असे.

"या गुर्जी. लेंड्या पाहून बसा."

सगळे वाचून दाखवले. त्यांनी कातर खाली ठेवली नाही.

"हे लोकायला कवा वाचून दावतेत?"

"मी गेल्यावर."

"मंग तुमाला कोन हसंल? बोलले तवा जिते होते ना? मागं घ्यायचं बी जितेपनीच."

"पड देतो आहे, पुंजाजी."

"गवत मेंढरं खातेत, गुर्जी. मी न्हाई खात."

मी विचारले, देवाला दोन नंबरचा देताना भीती नाही वाटली?

"भेव काहून? देवाला खायाचा, मला वाढवायचा. एक नंबर ठेवला तर पुढल्या साली दोन नंबर बी ह्या सालच्या एक नंबराहून भारी निघतो. फायदा देवाचाच हाय. अक्कल त्यानंच देल्ली ना?"

एवढे सोपे मी नोकरीच्या साऱ्या वर्षांत एकाही वर्गाला सांगू शकलो नव्हतो.

साक्षीला अंगठा द्याल का, असे विचारले. "रविवारी बिरोबाच्या ओट्यावर मानसं बसतेत. तिथं वाचा. मंग देतो."

७. म्हणून कलम ५ मी हयातीत, त्याच ओट्यासमोर, स्वतः वाचायचे आहे. खाली पुंजाजींचा अंगठा नसेल, तर मी वाचले नाही असे समजावे. पड तरीही सुकन्याचीच.

खालील तारखांची खाडाखोड माझीच आहे. पहिल्या रविवारी गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारी दुखत नव्हता.

ठिकाण: जवळा बाजार
दिनांक: २ नोव्हेंबर (खोडले), ९ नोव्हेंबर (खोडले), १६ नोव्हेंबर २०२५

व्यंकटराव दिगंबरराव गुरव (सही)

साक्षीदार:
१. शेषराव, शाळेचे निवृत्त लिपिक (सही)
२. उत्तमसिंग, शेजारी (सही)

नोंद, त्याच दिवशी: कलम ५ उभे राहून वाचले. अकरा माणसे होती. तेव्हा वर्गात हसलेल्यांपैकी दोघे होते. त्यांचे केस पांढरे होऊ लागले आहेत. कोणी हसले नाही. पुंजाजींनी मोबाईल वर धरला होता. पुसेगावहून सुकन्या ऐकत होती, हे मला वाचून झाल्यावर कळले.

फोनमधून आवाज आला, "सर, पाचपैकी किती?"

मी पाच म्हणालो.

"एक कापा, सर. लांडगा बी निवडतो, ते लिहायचं राहिलं व्हतं."

मी ओट्यावर बसलो. शेषरावांनी शाईचे पॅड पुढे केले.

३. पुंजाजी, मेंढपाळ (डाव्या हाताचा अंगठा)