चाळीस रोपांची मरणोत्तर वाढ

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या पाचच अंगांनी घातलाय, उरलेली तीन भेटल्यावर.) तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? रोपवाटिकेत यंदा माणसं टिकली का, की अजून तुम्हीच पाइप ओढत वाफ्यावाफ्यातून फिरताय? या वयात ते बरं नव्हे, असं मी म्हटलं तर तुम्ही मलाच झाडाल, म्हणून म्हणत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा लावा आणि बसून वाचा.

मागे घरात सगळे जमलेले असताना तुम्ही मला विचारलं होतंत, ‘अरे, तू त्या विद्यापीठात नेमकं करतोस तरी काय?’ आणि मी पंख्याचा वेग वाढवायला उठलो होतो. आज सांगतो. मी तिथल्या संशोधन सचोटी कक्षाचा अधिकारी आहे. संशोधनात कोणी लबाडी केली, दुसऱ्याचं उचललं, न केलेला प्रयोग केला म्हणून छापला, तर त्याची तक्रार माझ्याकडे येते. कक्ष म्हणजे मी, एक टेबल आणि एक कपाट. कपाटाची किल्ली अधिष्ठात्यांकडे असते, कारण आतले कागद गोपनीय आहेत आणि मी ते वाचले तर गोपनीय राहणार नाहीत. दाराबाहेर पाटी आहे, पण तिच्याच खाली प्रसाधनगृहाचा बाण काढल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतले नऊ घाईत असतात.

आमचं सचोटीचं धोरण फार सुंदर आहे, बरं का. बावीस पानी. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते (दुसरं काम नसल्यामुळे) नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहिलं. ब्याण्णव टक्के नक्कल निघाली. दुसऱ्या एका विद्यापीठाचं धोरण जसंच्या तसं उचललेलं, आणि अकराव्या पानावर त्या विद्यापीठाचं नावही तसंच राहून गेलेलं. त्यावर दोन वर्षं सगळ्या प्राध्यापकांनी ‘वाचले, समजले, मान्य आहे’ म्हणून सह्या ठोकल्या होत्या. मी धावत अधिष्ठात्यांकडे गेलो. ते म्हणाले, चांगले विचार कोणा एकाच्या मालकीचे नसतात. मग आम्ही अकराव्या पानावरचं नाव तेवढं बदललं, आणि त्या कामगिरीबद्दल वार्षिक अहवालात माझा उल्लेख झाला.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे वनस्पतिशास्त्राचं एक काचघर आहे आणि ते सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. होत्या म्हणायला हवं, पण त्याकडे नंतर येतो. चौदा वर्षं त्या काचघरात पाणी घालणं, कुंड्या भरणं, तापमान बघणं आणि सगळं वहीत लिहिणं हे त्यांचं काम. वही लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका साहेबांनी विचारलं, ‘हे झाड कधी मेलं?’ आणि यांना सांगता आलं नाही, त्याची लाज वाटली म्हणून त्यांनी स्वतःच वही घातली. मामा, विद्यापीठात पहिल्या खेपेला लाज वाटून सुधारलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

याच विभागाचे प्रमुख म्हणजे आमचे नामांकित प्राध्यापक. विद्यार्थी त्यांना ‘चढता आलेख’ म्हणतात, कारण त्यांच्या कुठल्याही प्रयोगाची रेघ खालून निघते आणि वरच जाते. त्यांनी एक द्रावण शोधलं होतं. ते घातलं की रोपं दीडपट वाढतात, असं त्यांचं म्हणणं. चाळीस रोपं, बारा आठवडे, दर आठवड्याला उंची. सहाव्या आठवड्यात काचघराचा हीटर बंद पडला. (बाईंनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले होते. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की पहिले दोन सापडत नाहीत.) थंडी कडाक्याची होती. तीन दिवसांत चाळीसच्या चाळीस रोपं काळी पडून माना टाकून बसली. बाईंनी वहीत तारीख घातली, ‘चाळीस मेली, खतखड्ड्यात टाकली’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. तुम्हीही हेच केलं असतंत.

प्राध्यापकांनी मात्र रेघ मारली नाही. त्यांची रोपं कागदावर पुढे आणखी सहा आठवडे वाढत राहिली. नुसती वाढली नाहीत, जिवंत असताना जेवढी वाढत होती त्याहून जोमानं वाढली! खतखड्ड्यात त्यांना पोषक वातावरण मिळालं असावं. निबंध छापून आला, नाव झालं, आणि शेवटी आभार मानताना प्राध्यापकांनी ‘रोपांची मायेनं निगा राखल्याबद्दल’ काचघराच्या बाईंचेही आभार मानले. वर एक प्रत त्यांना स्वतः नेऊन दिली. एवढा एकच मोठेपणा त्यांनी आयुष्यात केला असेल आणि तोच अंगाशी आला.

कारण बाईंनी ती प्रत वाचली. आधी आपलं नाव दहा वेळा वाचलं, मग पानं उलटताना तक्ता दिसला. त्यात तेवीस नंबरचं रोप बाराव्या आठवड्यात एकतीस सेंटिमीटर. तेवीस नंबर त्यांच्या चांगलं लक्षात होतं, कारण त्याचा शेंडा पहिल्यापासून मोडका होता आणि त्याला त्यांनी काडी बांधली होती. आता तुम्हाला वाटेल की त्यांना राग आला. छे! त्यांना वाटलं, छापखान्याची चूक झाली. साहेबांची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून त्या वही घेऊन लगबगीनं त्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, छापणाऱ्यांनी घोळ घातलाय बघा, लवकर कळवून टाका.’ साहेब म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी बाईंना लेखी आदेश आला की यापुढे काचघरात अनधिकृत नोंदी ठेवू नयेत. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या बाणाला न भुलता माझ्या दारात आल्या.

मला खरंच आनंद झाला होता, मामा. तीन वर्षांत पहिली खरी तक्रार. मी त्यांना खुर्ची दिली, अर्ज दिला. अर्जात ‘तक्रारदाराची संशोधनातील पात्रता’ असा रकाना आहे, तिथं त्यांनी ‘पाणी घालते’ असं लिहिलं. अर्ज विभागप्रमुखांमार्फतच यावा असा नियम आहे आणि विभागप्रमुख म्हणजे चढता आलेख, तेव्हा अर्जावर पहिली सही आरोपीची झाली. मग मी तो लिफाफ्यात घालून वर लाल शाईनं ‘अत्यंत गोपनीय’ लिहिलं. त्यामुळे तो वाटेतल्या प्रत्येक टेबलावर आधी उघडला गेला. संध्याकाळपर्यंत फाटकावरचा पहारेकरीसुद्धा मला विचारत होता, ‘साहेब, ती रोपं नक्की मेली होती का?’

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष अधिष्ठाते, दुसऱ्या संख्याशास्त्राच्या एक बाई, आणि कागद सांभाळायला मी. त्या निबंधावर दुसरं नाव अधिष्ठात्यांचंच आहे. त्यांनी ते पहिल्याच बैठकीत नियमानुसार जाहीर केलं. आमच्याकडे हितसंबंध जाहीर केला की तो उरत नाही, आंघोळ केली की घाम उरत नाही तसा. संख्याशास्त्राच्या बाई तक्ता बघत होत्या. मग म्हणाल्या की सहाव्या आठवड्यानंतर प्रत्येक रोप दर आठवड्याला बरोबर दोन सेंटिमीटरच वाढलंय, आणि निसर्ग एवढा शिस्तीचा असता तर संख्याशास्त्रवाल्यांना नोकरीच नसती. अधिष्ठाते म्हणाले, द्रावणाचा गुण.

प्राध्यापकांना बोलावलं. ते दुखावलेले होते. तीस वर्षांच्या सेवेनंतर एका पाणी घालणाऱ्या बाईच्या वहीवरून आपल्याला जाब विचारावा, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. (त्यांचा आवाज खरोखर भरून आला. अधिष्ठात्यांनी पाणी मागवलं.) रोपांचं विचारलं तर म्हणाले, एखादं रोप दगावलंही असेल, निष्कर्ष जिवंत आहे. मग बाईंना बोलावलं. त्यांना आवाज भरून यायला सवड दिली नाही. वही विहित नमुन्यात आहे का? नाही. पानांवर क्रमांक, शिक्का, वरिष्ठांची सही? नाही. रोपं मेल्याचा वहीशिवाय काही पुरावा? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत होतो.

समितीनं सर्वानुमते ठरवलं की विरुद्ध पुरावा नसल्यामुळे सदर रोपं बाराव्या आठवड्यापर्यंत जिवंत होती असं समजण्यात यावं. मी म्हटलं, चला, निदान संपलं. तर अधिष्ठाते म्हणाले, आता दुसरा मुद्दा. रोपं बाराव्या आठवड्यापर्यंत जिवंत होती, आणि या बाई स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल करतात की सहाव्या आठवड्यात त्यांनी ती खड्ड्यात टाकली. म्हणजे त्यांनी विद्यापीठाची चाळीस जिवंत रोपं नष्ट केली! ज्या वहीला पहिल्या ठरावात किंमत नव्हती, ती दुसऱ्या ठरावात कबुलीजबाब झाली. टाकलेली रोपं पुढे काचघरात कशी वाढली, हे कोणी विचारलं नाही. संशोधन साहित्याची हानी केल्याबद्दल बाईंची सेवा थांबवण्यात आली. चौदा वर्षं, मामा. आणि पुढच्या महिन्यात सचोटी सप्ताह आहे, त्याचं उद्घाटन चढते आलेख करणार आहेत. पाहुण्यांचा परिचय मला लिहायला सांगितलाय. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण तो मी घरी आल्यावर होऊ देतो, कार्यालयात नाही.

असो. तुमचं डोकं खाल्लं. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. उत्तर लिहायचा कंटाळा केलात तरी चालेल, नुसतं ‘गाढवा’ एवढं लिहून पाठवलंत तरी मला तुमचं अक्षर दिसेल.

तुमचा भाचा

ता. क. : मामींना म्हणावं, गुडघ्याला शेक द्यायचा तर रोज द्या, आठवण होईल तेव्हा देऊन उपयोग नाही.

ता. क. : हे पत्र लिहायचं खरं कारण राहिलं. त्या बाईंना तुमच्या रोपवाटिकेत ठेवून घ्या. अनुभवाचा दाखला मागू नका, विद्यापीठ देणार नाही. हाताला गुण आहे, सुट्टी घेत नाहीत. फक्त एक, रोप मेलं तर त्या मेलं असंच लिहितात, गिऱ्हाइकासमोर वही उघडी ठेवू नका. आणि आधीची नोकरी का गेली हे त्यांना विचारू नका, कारण त्या खरं सांगतील.

ता. क. : त्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. वर ‘कागद सांभाळायला मी’ असं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. समितीत मला मत होतं. संख्याशास्त्राच्या बाईंनी दोन्ही ठरावांना विरोध केला. एकास एक झालं तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ‘सर्वानुमते’ हा शब्द नंतर मी घातला, तो इतिवृत्तात बरा दिसतो. आणि पुरावा होता. समिती बसायच्या आधी आठ दिवस मी आणि त्या बाई फावडं घेऊन खतखड्ड्यात उतरलो होतो. रोपं कुजतात, कुंडीतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुजत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक पट्टीवर पुढे नंबर आणि मागे टाकल्याची तारीख, त्यांच्या हातची. मी उत्साहात चाळीस लिहीत होतो, त्यांनी परत मोजायला लावून अडतीस लिहायला लावलं. तेवीस नंबर त्यांत होता. मग बैठकीच्या सकाळी अधिष्ठात्यांनी मला बोलावून, माझ्या नेमणुकीच्या मुदतवाढीचा कागद आपल्याच टेबलावर आहे, एवढंच सांगितलं. दुसरं काहीही बोलले नाहीत. पट्ट्यांचं पुडकं माझ्या खणातच राहिलं. मला भीती वाटली, मामा. दुसरं काही कारण नाही.

शेवटच्या दिवशी बाई काचघराची किल्ली द्यायला माझ्या खोलीत आल्या. मी खाली बघून पावती लिहीत होतो. जाताना दारात थांबून म्हणाल्या, ‘साहेब, त्या पट्ट्या आता टाकून द्या. कुणाच्या हाती लागल्या तर उगाच तुमची नोकरी जायची.’ टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं. त्यांनी ते काळजीनं म्हटलं होतं.