त्रेसष्टावं घड्याळ

५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बारा वर्षांत तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज गरज पडली म्हणून लिहितोय, तेव्हा आधीच कान पकडतो. केंद्रीय कर कार्यालयाची नोटीस आली आहे. यंदा विवरण मी स्वतःच भरलं. त्यात 'दुकानातला माल' अशी एक ओळ होती. सरकारपासून काही लपवू नये, असं बाबा सांगायचे, म्हणून दुकानात होती ती त्रेसष्टच्या त्रेसष्ट घड्याळं किमतीसकट लिहून टाकली. आता ते म्हणतात, एवढा माल आहे म्हणजे उत्पन्न लपवलंत. मागितलेला कर भरायचा तर दुकान विकावं लागेल. बहीण करसल्लागार असताना मी हे दिवे लावले, असं तुझी वहिनी दिवसातून तीनदा ऐकवते. तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

रागावली असशील तरी उत्तर दे.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावते कसली, हसून हसून पोट दुखलं! अरे शहाण्या, ती घड्याळं गिऱ्हाइकांची, दुरुस्तीला आलेली. उद्या न्हावी गिऱ्हाइकांची डोकी आपला माल म्हणून लिहील! शिवाय वहिनीची शिवणाची कमाई, घरखर्च आणि धंदा, सगळं एकाच कागदात कोंबलंस. ते मी निस्तरते. पण घड्याळं गिऱ्हाइकांची आहेत, हे दाखवायला पावत्या लागतील. लगेच पाठव.

दुकान जाऊ द्यायचं नाही. हे मुलीचं काम नाही म्हणत बाबांनी मला तिथून उठवलं, मीही तिरीमिरीत घर सोडलं. ते गेले तेव्हासुद्धा आले नाही, आणि ते मला अजून खातं.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, ऐकवणं चालू ठेव.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्याकडे पावत्या कधी होत्या? पण बाबांची सवय आठवली. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख कोरायची. मीही तेच करतो. कर कार्यालयातल्या बाईंना दुकानातच बोलावलं आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. भिंग डोळ्याला लावून त्यांनी स्वतः वाचलं. दुपारपर्यंत बासष्ट घड्याळांचे मालक सापडले. ही यादी आणि सुधारित विवरण जोडा, मागणी मागे घेतली जाईल, असं त्या म्हणाल्या.

त्रेसष्टावं बाबांच्या खणातलं. लहानसं, बायकांचं मनगटी. मी ते आजवर उघडलं नव्हतं. आत कोरलंय: 'धाकटीचं. न्यायला येईल.' तारीख तू गेलीस त्याच आठवड्याची. त्याखाली तेल घातल्याच्या दहा तारखा, ते जाईपर्यंत दर वर्षी एक. बाईंनी विचारलं, हे कोणाचं? वहिनीने सांगितलं.

तुझा दादा

२५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं आणि सगळ्यांदेखत रडले. बाबा तोंडाने एकदा तरी म्हणाले असते तर! पण मी तरी कुठे विचारलं?

सुधारित विवरण तयार आहे. टपालाने पाठवत नाही, शनिवारी घेऊनच येते. यादीत त्रेसष्टाव्यापुढे माझं नाव लिही. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे, आणि घड्याळाला चावी तू देऊ नकोस. मी देईन.

तुझी धाकटी