सड्यावरचा हिस्सा

आबा,

त्या सकाळी इथे परदेशातल्या घरात देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि त्याच हाताने फोन गॅरेजच्या भिंतीवर फेकून मारला. एवढ्यावर भागलं नाही. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि लाकडी बाकावर घाव घालत सुटलो, फळी फुटेपर्यंत. बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, हात बघा तुमचा," ती म्हणाली. "मामंजी आलेत वाटतं ट्रुगानिनाला राहायला." तिच्यामागून मुलगा ओरडला, "डॅड, स्टॉप इट. सिरियसली." मी थांबलो, पण हाताला अजून घाव घालायचे होते.

फोनवर ताईचा व्हिडिओ आला होता. तुम्ही गेल्यावर गावच्या रीतीप्रमाणे तिने हक्कसोडपत्रावर सही केली, साडी घेतली आणि सड्यावरची, गावावरच्या कातळपठारावरची, सगळी जमीन माझ्या एकट्याच्या नावावर झाली. नवरा वारल्यापासून ती तुमच्याच घरात राहते आणि सडा तीच सांभाळते. त्या सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण काढायची म्हणून एका ठेकेदाराने मला करारनामा पाठवला. मी इथे दगडाच्या खाणीतच फिटर आहे, तेव्हा तो त्याच नजरेने वाचला. चिऱ्यामागे दर चांगला होता. पण खोदाई किती खोल जाणार ते कुठे लिहिलं नव्हतं, आणि काम संपल्यावर खड्डा कोण बुजवणार तेही नव्हतं. मी फोन करून विचारलं. तो खदखदून हसला. "दादानू, खड्डो कोण बुजवतां? पावसात पाणी भरात, मासे सोडा." मी म्हटलं, शेजारच्या बंद खाणीत गुरं बुडाली, एक माणूसही गेला. "मग कुंपण घाला. डॉलर असत ना तुमच्याकडे?"

मी नकार कळवला. त्याने धाक दाखवायला जेसीबी पाठवून आपल्या कुंपणाचा दगडी गडगा पाडला. ताई आडवी गेली तर त्याच्या माणसाने तिचा हात पिरगळून मनगट मोडलं आणि तिला पाडलेल्या दगडांवर ढकललं. व्हिडिओत तिचं तोंड रक्ताने माखलेलं होतं आणि मागे यंत्र चालूच होतं. तक्रार झाली, माणसं पकडली, जामिनावर सुटलीही.

नवा फोन घेतल्यावर पहिला तिलाच लावला. छाती फुगवून म्हणालो, "मरेन, पण सडा देणार नाही. आबांनी तो आईसारखा राखला."

ती म्हणाली, "तू थंय बसान जमीन राखतंस, मार हंय मी खातंय. आधी आबांचो खाल्लंय, आता ह्यांचो."

आबा, मला तो दिवस आठवतो. दारात कोणी चिरेवाला आलाय. तुम्ही घरी नाही. परकरातली ताई त्याला दगड दाखवायला सड्यावर घेऊन जाते. तुम्ही येता, गोठ्यातून बैलाचा चाबूक काढता. "जमीन आई आसा! आई!" शब्दागणिक फटका. परकर फाटतो, पाठ फाटते. आई तोंडात पदर कोंबून उभी आहे आणि मी तिच्यामागे. ताई रडत नाही, म्हणून तुम्ही आणखी मारता. इतकी वर्षं हा प्रसंग मी इथल्या मित्रांना तुमच्या मातीवरच्या मायेची गोष्ट म्हणून सांगत आलो. ताईच्या पाठीचं त्यात कधी काही नसायचं.

पुढचे कितीतरी दिवस देवासमोर बसलो तरी डोळे मिटवेनात. मिटले की चाबूक दिसायचा, आणि तो कधी तुमच्या हातात असायचा, कधी माझ्या. शेवटी सुट्टी काढून कॉन्सुलेटच्या रांगेत उभा राहिलो आणि गावच्या वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं. ताईला इतकंच सांगितलं, खाण देणार असशील तर खोली आणि बुजवणी कागदावर घे, नसशील तर हाकलून दे. "बघतंय," ती म्हणाली. काय बघणार ते मी विचारलं नाही.

सगळं उरकेपर्यंत तुम्हाला लिहायची हिंमत झाली नाही, आबा. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला, तरी मला तुमची भीती वाटते. काल वकिलाने तालुक्याला माझ्या वतीने बक्षीसपत्र नोंदवलं. सडा आता ताईचा आहे.